धड एकाचं, इंजिन दुसऱ्याचं

१९८५ साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने एक दिमाखदार गाडी बाजारात आणली. नाव स्टँडर्ड २०००. बाहेरून पाहिली तर ती हुबेहूब ब्रिटनची रोव्हर एसडी वन; १९७७ मध्ये युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरलेली. रोव्हरचं नाव ज्या मॉडेलमुळे झालं, त्याच्या बॉनेटखाली साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन होतं. मद्रासच्या गाडीत मात्र चार सिलिंडरचं, १९९१ सीसीचं इंजिन बसवलं होतं आणि त्याचं कूळ थेट १९४०च्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डपर्यंत जात होतं. त्याच घराण्यातलं इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही लागायचं. गिऱ्हाइकांनी गाडीचं रूप पाहिलं, मग ती चालवून पाहिली आणि पाठ फिरवली. १९८०चं दशक सरायच्या आत उत्पादन बंद पडलं.

एका गाडीच्या धडाला दुसऱ्या गाडीचं इंजिन, ही करामत गल्लीबोळातल्या गॅरेजांची अशी आपली समजूत. पण या कलेतले जुने उस्ताद कारखानेच होते. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने १९५७ च्या सुमारास अँबॅसडर आणली, तेव्हा तिचा सांगाडा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा, नवाकोरा. इंजिन मात्र जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचं, १४७६ सीसीचं. आधीच्या लँडमास्टरमधून उचललेलं. १९५९ मध्ये तिथे १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आलं आणि पुढे तीन दशकं ठाण मांडून बसलं. १९८४ मध्ये त्याच कंपनीने काँटेसा काढली. धड ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, लांबरुंद आणि रुबाबदार. आत तेच अँबॅसडरचं १४८९ सीसीचं, सुमारे ५० अश्वशक्तीचं इंजिन. एवढी थोरली गाडी चढावर धापा टाकायची. काही वर्षांनी तिला जपानी इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गियरची पेटी मिळाली, तेव्हा कुठे रूपाला शोभेल अशी चाल आली. १९९२ च्या सुमारास तेच इसुझू इंजिन अँबॅसडरमध्येही उतरलं.

कुर्ल्याची प्रीमियर कंपनीही यात मागे नव्हती. तिने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची, तीही स्पेनच्या सियाट कंपनीच्या साच्यांतून आलेली. इंजिन आणि गियरबॉक्स निस्सानचे. इटलीत आराखडा, स्पेनचे साचे, जपानी यंत्र आणि जोडणी महाराष्ट्रात.

हे हौसेपोटी चाललेलं नव्हतं. परवाना, परकीय चलन आणि सरकारी मंजुरी या तीन दारांतून गेल्याशिवाय नवा खिळाही आणता येत नसे. परदेशात उत्पादनातून गेलेल्या मॉडेलचे साचे तुलनेने स्वस्तात मिळत. नवं इंजिन ज्याच्याशी करार जुळेल त्याच्याकडून घ्यायचं. कारखान्यांची ही गरज होती. गॅरेजांची गरज त्याहून जुनी, आणि तिचा उगम मुंबईत सापडतो.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. पुढे फोर्डही आली. शेव्हर्ले, ब्युइक, फोर्ड अशा अमेरिकन गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागल्या. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. गाड्या मात्र इथेच राहिल्या. त्यांचे पिस्टन, बेअरिंगं, व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आणि मालकांना मेस्त्रीच्या दारात जाण्यावाचून इलाज उरला नाही.

सहा किंवा आठ सिलिंडरची ही इंजिनं पेट्रोल अक्षरशः पीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर ती पोसणं मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर गेलं. डिझेल स्वस्त होतं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिनं बनत, बजाज टेम्पोची मॅटाडोर रस्त्यावर होती, अपघातात सापडलेल्या गाड्यांची इंजिनं भंगारात मिळत. अशी डिझेल इंजिनं जुन्या डॉज, प्लिमथ, इम्पालांच्या पोटात गेली. बाहेर क्रोमची झळाळी, आत ट्रक-टेम्पोची धडधड. एक अडचण मात्र हमखास यायची. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करतं आणि गाडीचं मागचं क्राउन-पिनियन तर जोरात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने बनवलेलं. त्यामुळे टॉप गियरमध्येही इंजिन ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. मग क्राउन बदला, नाहीतर त्याच वेगात समाधान माना.

जीपची गोष्ट सोपी होती. महिंद्राने विलीज जीप इथे बनवायला घेतली तेव्हा तिच्यात २२०० सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन होतं. पुढे कंपनीनेच इंटरनॅशनलचं डिझेल बसवलं, आणि १९८०च्या दशकात प्यूजोचं २११२ सीसीचं. सांगाडा जवळपास तोच राहिला आणि बॉनेटखाली जागाही ऐसपैस होती. जुनी पेट्रोल जीप घ्यायची, डिझेल इंजिन चढवायचं आणि धंद्याला लावायची, ही वाट त्यामुळे आपोआप मोकळी झाली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बॉनेटवरचं नाव आणि आतला आवाज यांचा मेळ नसण्याचं नवल वाटणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्री हाकेच्या अंतरावर. ब्रॅकेट हवं असो वा पुली, नमुना नेऊन दिला की ओतून, कातून हातात पडायची.

मुंबईचा जीव मात्र फियाटमध्ये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आधी क्रायसलरच्या गाड्या जोडायची. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. मिलेचेंतो हे तिचं इटालियन नाव फारसं कुणाच्या तोंडी बसलं नाही; लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. मग एलेगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ नंतर ११०० डी, डिलाइट, प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी. नावं बदलली, दिवे बदलले, दारं उघडायची दिशासुद्धा बदलली. इंजिन मात्र ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, १०८९ सीसीचं. इटलीत ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन मिळालं होतं. कुर्ल्यात तेच जुनं माप चालू राहिलं.

पुढे अभियंत्यांनी यावर टीका केली, मेस्त्रींनी मात्र त्यातून फायदा काढला. १९५० च्या दशकातल्या फियाटला १९९० मधल्या पद्मिनीचे पुष्कळसे इंजिनचे भाग थोड्या घासाघाशीने लागत. सिलिंडर झिजला की बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, आणखी झिजला की स्लीव्ह मारून पुन्हा मूळ मापावर यायचं. दुरुस्तीसाठी लागणारा माल देशातच बनू लागला होता: मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ पासून, बंगलोरची मायको १९५१ पासून, लुकास-टीव्हीएस १९६१ पासून, ब्रेक्स इंडिया १९६२ पासून. या नावाजलेल्या कंपन्यांच्या सावलीत शेकडो छोटे कारखानदार त्याच मापाचे ‘डुप्लिकेट’ बुश, गॅस्केट, पाना-नट बनवत. दुकानदार गिऱ्हाइकाचा अंदाज घेऊन विचारायचा, “ओरिजनल देऊ की चालू?”

हा बाजार शहरागणिक वसला. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ न्यू क्वीन्स रोडला नवे सुटे भाग, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तोडलेल्या गाड्यांचे. पुण्यात नाना पेठ. कोलकात्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. इथल्या जुन्या विक्रेत्याचं खरं भांडवल गोदामात नसून डोक्यात असे: कोणता पार्ट कोणत्या गाडीला ‘लागतो’. हे ज्ञान कुठल्या कॅटलॉगात नव्हतं. बेअरिंगचा नंबर सारखा असला की गाडीचं नाव कोण विचारतो! अँबॅसडरचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन मूळ ब्रिटिश कुटुंबातलं, आणि एमजीए नावाच्या देखण्या स्पोर्ट्स कारलाही सुरुवातीला त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचंच इंजिन होतं. त्यामुळे भारतात अडकलेल्या एमजीच्या मालकाला इंजिनच्या कामासाठी लंडनऐवजी आधी अँबॅसडरवाल्याकडे चौकशी करणं परवडायचं.

इंजिन एकच असेल तिथवर हे सगळं सरळ चालतं. दोन गाड्यांची इंजिनं वेगळी झाली की मेस्त्रीची परीक्षा सुरू होते.

पद्मिनी आणि ११८ एनई यांचंच घ्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या. एकीत फियाटचं ४० अश्वशक्तीचं १०८९ सीसी, दुसरीत निस्सानचं ५२ अश्वशक्तीचं ए-१२, ११७१ सीसीचं. आकारात फरक थोडका, ताकदीत मात्र जाणवण्याजोगा. म्हणून भंगारात निघालेल्या ११८ एनईचं इंजिन पद्मिनीत घालायचा मोह हौशी मालकांना व्हायचा. जाणता मेस्त्री नुसतं इंजिन घेत नाही. गियरबॉक्ससकट ‘सेट’ उचलतो. कारण इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामधलं बेलहाउसिंग ही सगळ्यात नाजूक जागा. इंजिन निस्सानचं आणि पेटी फियाटची ठेवायची म्हटलं, तर दोन्हींच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड पत्र्याची अडॅप्टर प्लेट लेथवर बनवावी लागते. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गियरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत. डायल गेज लावून हाताने क्रँक फिरवायचा आणि काटा किती हलतो ते पाहायचं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूकसुद्धा महागात पडते: गाडी सुरू होते, चालतेही, आणि काही महिन्यांत पायलट बेअरिंग ओरडू लागतं, क्लच प्लेटच्या स्प्लाइन झिजतात, टॉप गियर आपोआप सुटू लागतो.

पूर्ण सेट घेतला तरी कामं संपत नाहीत. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, निस्सानचा खाली. म्हणजे मधला बोगदा कापून गियरची काठी वर काढायची. कंपनीने स्वतः अखेरच्या वर्षांतल्या पद्मिनी एस वनला खालचा गियर दिला होता, त्यामुळे तो भाग नंतर आयता मिळू लागला. प्रोपेलर शाफ्ट कापून, लांबी जुळवून, वेल्ड करून बॅलन्स करायचा. बॅलन्स चुकला तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. इंजिनची ‘फाउंडेशनं’ नव्या जागी वेल्ड करायची. सायलेन्सरचा पुढचा पाइप नव्याने वळवायचा. आणि मग स्पीडोमीटर. त्याची केबल गियरबॉक्समधून निघते, तिथले दाते ११८ एनईच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या हिशेबाने, तर गाडीला अ‍ॅक्सल फियाटचा. काटा फिरतो, पण खोटं बोलतो. तापमानाच्या मीटरचंही तसंच. सेंडर एका कंपनीचा आणि मीटर दुसऱ्या कंपनीचं, मग त्यांच्या विजेच्या अवरोधाचा मेळ बसत नाही आणि रेडिएटर उकळत असतानाही काटा मधोमध निवांत.

या अनुभवातून गॅरेजांत एक वर्गवारी तयार झाली. सीट, आरसे, हॉर्न, हेडलाइट, चाकांच्या टोप्या, कॅसेट प्लेअर हे इंजिनाला न विचारता एका गाडीतून दुसरीत जाणारे भाग. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, मॅनिफोल्ड, क्लच हे इंजिनाच्या घरचेच. घोळ होतो तो मधल्या मंडळींमुळे, जे वरून परके दिसतात पण आतून इंजिनाशी बांधलेले असतात.

ब्रेकचा बूस्टर त्यातला पहिला. बाहेरून विकत घेऊन बसवलेला बूस्टर पेट्रोल अँबॅसडरमध्ये झकास काम करतो, कारण पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलच्या पडद्यामुळे निर्वात तयार होतो आणि बूस्टर त्यावरच जगतो. तोच बूस्टर डिझेल गाडीत हलवला तर पायाखाली दगड लागतो. जुन्या डिझेल इंजिनांत हवा मोकळी आत येते, निर्वात होतच नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. अनेक डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. चार पैसे वाचवायला कुणी तिथे पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर बसवला, तर बॅटरी नीट चार्ज होते, दिवे लख्ख लागतात, आणि ब्रेकचा बूस्टर निकामी झालेला असतो.

एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही गाड्यांना चालतो, पण तो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते एका इंजिनापुरतंच. टॅकोमीटरचं गणित आणखी वेगळं. पेट्रोल गाडीत तो इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजतो. डिझेलमध्ये कॉइलच नाही, तेव्हा त्याला अल्टरनेटरवरून संकेत द्यावा लागतो आणि त्यासाठी मीटरच बदलावं लागतं.

सीएनजी किटने हा धडा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना नव्याने शिकवला. महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली, उच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांचा रेटा आला आणि शहरातल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी डिकीत सिलिंडर घेऊन धावू लागल्या. गाडी भंगारात गेली की किट दुसऱ्या गाडीत जायचं. सिलिंडर चाचणीच्या मुदतीत असेल तर त्याला इंजिनाचं सोयरसुतक नसतं. पण कार्ब्युरेटरवर बसणारा मिक्सर विशिष्ट इंजिनाच्या श्वासाच्या मापाचा. १०८९ सीसीच्या पद्मिनीचा मिक्सर १४८९ सीसीच्या अँबॅसडरवर चढवला तर त्याच्या अरुंद गळ्यातून पुरेशी हवा जात नाही; चढावर दम तुटतो. उलट केलं तर ओढ कमी पडून गॅसच नीट खेचला जात नाही आणि गाडी सिग्नलला बंद पडते.

कायदा या सगळ्याकडे बराच काळ सैलपणे पाहत होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आधी परिवहन अधिकाऱ्याला कळवून, परवानगी घेऊन बदल करण्याची सोय होती. २००० साली कलम बदललं: कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. सीएनजीसारख्या इंधनाच्या किटसाठी अटींसह वाट ठेवली. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनांच्या मालकाला त्याच बनावटीचं आणि प्रकाराचं इंजिन बदलून घालण्याची सवलतही देता येते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाड्यांची नोंदणी अडचणीत आली. इसुझू घातलेली जुनी अँबॅसडर किंवा निस्सान घातलेली पद्मिनी कागदावर जुळवणं आता जवळपास अशक्य.

दरम्यान गाड्याच संपत आल्या. पद्मिनीचं उत्पादन शतक बदलताना थांबलं, अँबॅसडरचं मे २०१४ मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. सुट्या भागांचं गिऱ्हाईक त्यामुळे बदललं. पूर्वी धंद्याला लावलेली गाडी उद्या सकाळी रस्त्यावर यावी म्हणून टॅक्सीवाला यायचा. आता रविवारी फिरवायची गाडी जशीच्या तशी दिसावी म्हणून संग्राहक येतो.

त्याला आणखी एका नियमाने भरीला घातलं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. पर्किन्स नाहीतर मॅटाडोरचं इंजिन पोटात घालून चार दशकं तग धरलेली डॉज नेमकी त्याच कारणाने या यादीबाहेर राहते. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्या कार्यशाळांत आज उलटं काम चालू आहे. वेल्ड केलेली फाउंडेशनं कापून काढायची, कापलेले बोगदे पुन्हा पत्र्याने भरायचे, आणि जुन्या गोदामांत, भंगारवाल्यांकडे, दुसऱ्या संग्राहकांकडे मूळ इंजिनाचा ब्लॉक शोधायचा. १०८९ सीसीचा फियाट ब्लॉक अजून खटपटीने मिळतो. अमेरिकन सहा सिलिंडरचा मिळाला तर बहुधा अशाच एखाद्या गाडीतून पूर्वी उपसून कोपऱ्यात टाकलेला असतो, आणि भंगाराच्या भावाने गेलेल्या त्या लोखंडासाठी आता विक्रेता तोंडाला येईल तो आकडा सांगतो.